नजर चोरून

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
ताव तपासले मी. नोटांचे.
उजेडासमोर धरायचा, जलचिन्ह बघायचं,
रेघ तुटली, शाई फुटली, आकडा सरकला
की लाल पेन्सिल.
तिथं नजर चोरणाऱ्याची आधी झडती व्हायची.

आता पहाटे पावणेचारला
मोहाडीजवळ, ढिकल्यांच्या मोटरघराच्या स्लॅबवर
मी नजर चोरायलाच बसतो.
सरळ पाहिलं तर तो नाहीच.
स्वातीच्या खाली दोन बोटं, तीन ताऱ्यांचा वाकडा त्रिकोण,
त्यात पाहायचं नाही.
जरा डावीकडे, मोकळ्या अंधाराकडे पाहायचं
आणि लक्ष मात्र त्रिकोणात ठेवायचं,
जसं पंगतीत खाली मान घालून जेवणाऱ्याला
आपल्याविषयीचं बोलणं नेमकं ऐकू येतं.
मग येतो.
काचेवर कुणी हळूच हाः केल्यासारखा.
आधी भिंगच पुसतो मी.
पुसूनही राहिला, तर तो.

आई शेंडेनक्षत्र म्हणायची.
राजा मरतो म्हणायची, बघू नये म्हणायची.
याला शेंडीच नाही गं.
हा टक्कल पडलेला, आठव्या प्रतीचा,
याच्यानं कुठला राजा मरतोय.
पण तू सांगितलंस तसंच बघतो मी,
न बघितल्यासारखं.

तेज मोजायची रीत मोठी चमत्कारिक.
शेजारचे तारे, चांगले टोकदार, निर्मळ,
त्यांना चकती फिरवून मुद्दाम बिघडवायचं,
त्याच्याएवढे पसरट होईतो.
मग तोलायचं. सात नऊपेक्षा मंद,
आठ सहापेक्षा किंचित उजळ.
म्हणजे आठ तीन? आठ चार?
कालचं पान उलटायचं नाही,
काल काय लिहिलं ते आठवलं की हात तिकडेच वळतो.
एवढा चांगला माल छापखान्यात बिघडवला असता
तर पेन्शन गेली असती.

दहा जानेवारीला निफाडकडून थंडी आली.
पारा चारवर. आभाळ असं धुतलेलं
की ओझरच्या विमानतळाचा दिवासुद्धा
त्या रात्री माफ केला मी.
चार वाजता ढिकल्यांची थोरली, रेणुका, बागेत उतरली,
कानाला मफलर, हातात काड्यापेटी.
"काका, मणी तडकतील. शेकोट्या पेटवाव्या लागतील.
तुमचं ते..." आणि तिनं वर बोट केलं.
तुमचं ते.

मी लाल दिवा खिशात घातला, खाली उतरलो.
ओळीओळीनं भुसा ओढला, ओली काटकं ओढली.
"धूर पाहिजे, जाळ नको," ती ओरडत होती,
आणि धूर झाला.
वेलींवर गोधडी पसरावी तसा झाला.
चित्रा गेली. स्वाती गेली.
डोळ्यांत पाऊण तास जमवलेला अंधार
पहिल्याच काडीनं गेला होता.

वहीत लिहिलं:
पाच वाजून दहा. धूर. दिसला नाही.
सवयीनं लाल पेन्सिल शोधली,
मग हात मागे घेतला.
हीही नोंदच. खोडायची नसते.

परवा रेणुका शिडी चढून वर आली,
स्टीलच्या पेल्यात चहा, स्वेटरला अजून धुराचा वास.
"मणी वाचले," म्हणाली. मग,
"बघू?"
डोळा लावला. "काही नाही."
तिथं नाही बघायचं, म्हटलं, बाजूला बघ.
"मग तिथलं कसं दिसणार?"
मी गप्प.
नैर्ऋत्येला नाशिकचा पिवळा फुगवटा,
खाली कुठंतरी ठिबकची नळी फुसफुसत होती,
चहावर साय धरली.

"आलं काहीतरी," ती म्हणाली.
"गेलं. माझा श्वासच असेल."

मी भिंग पुसून दिलं.
आता बघ, म्हटलं.